माझ्याच पुस्तकाची पीडीएफ मला फॉरवर्ड होऊन आली. ही चोरी म्हणायची का?

सोनटक्का | शनिवार, रात्री ९:४०

आज दुपारी माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीने एक पीडीएफ टाकली. सोबत लिहिलं होतं, "आमच्या भाचीचं पुस्तक! सर्वांनी नक्की वाचा आणि पुढे पाठवा 🙏". २०१६ साली आलेली माझी कुमार कादंबरी. १६८ पानं, किंमत १८० रुपये. मावशीला ती तिच्या भिशीच्या ग्रुपवर मिळाली होती. मी सही करून दिलेली छापील प्रत तिच्या शोकेसमध्ये आहे, तरीही तिला पीडीएफचा आनंद झाला, कारण आता ती "सगळ्यांना देता येते".

फाइल उघडून बराच वेळ बघत बसले. कुणीतरी मोबाइलने एकेक पान धरून फोटो काढले आहेत. तिसऱ्या पानावर जांभळा शिक्का आहे, त्यातलं "जनिक वाचनालय" एवढंच वाचता येतं. पान ४३ वर डाव्या कोपऱ्यात एक अंगठा आलाय. नखावर मेंदीचा केशरी रंग उरलेला. म्हणजे कुठल्या तरी लग्नानंतर पंधरा-वीस दिवसांनी हे काम झालं असणार.

हिशेब सांगते. रॉयल्टी दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे १८ रुपये. मार्चमध्ये १,१३४ रुपयांचा चेक आला, म्हणजे वर्षात ६३ प्रती खपल्या. घर काही त्या पैशावर चालत नाही. पण प्रकाशकांच्या गोदामात अजून दीडशेच्या आसपास प्रती पडून आहेत आणि त्या हलल्याशिवाय माझ्या पुढच्या हस्तलिखिताला ते हात लावणार नाहीत. ते हस्तलिखित दोन वर्षं कपाटात आहे.

मला मनापासून विचारायचंय. ही चोरी आहे का? असेल तर चोर कोण: स्कॅन करणारी, भिशीवाल्या बायका, मावशी? पायरसीविरोधी जाहिरातीत दाखवतात तो टोपी पुढे ओढून अंधाऱ्या खोलीत बसलेला माणूस काही माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. मला तो अंगठा दिसतो. आणि मावशीला काय उत्तर लिहू?

बोरीची_काठी | ९:५२

चोरीच. नात्यातली असली तरी चोरीच.

चिंचगुळाची_आमटी | ९:५८

मावशीवर केस टाकलीत तर दिवाळीच्या चकल्या बंद. पूर्ण विचार करूनच पाऊल उचला :)

तिसरी_तारीख | १०:२५

वकिली करतो, म्हणून शब्दावर बोलतो. कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीने हलवणं. आधी भारतीय दंड विधान कलम ३७८, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. तुमचं पुस्तक तुमच्याकडेच आहे, गोदामातल्या प्रतीही जागेवर आहेत. तेव्हा ही चोरी नाही, स्वामित्वहक्काचा भंग आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात हाच फरक केला होता: बेकायदा ध्वनिमुद्रिका म्हणजे "चोरीचा माल" नव्हे.

पण चोरी नाही म्हणजे गुन्हा नाही, असं कुणी समजू नये. स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. जाणूनबुजून केलं हे मात्र सिद्ध व्हावं लागतं. धंदा किंवा नफा हेतू नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय. कागदावर मावशींची बाजू फार बरी नाही.

कंपोझ_काका | १०:४१

माझा अनुभव लिहितो, बरेच दिवस लिहायचा होता.

१९९८ साली इचलकरंजीत डीटीपीचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर कर्जाने घेतला. पेजमेकर आणि मराठी फाँट एका मित्राने फ्लॉपीवरून आणि नंतर सीडीवरून दिले. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रिया, सगळं त्या फुकटच्या फाँटवर. लायसन्सची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त होती. आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत तेच चालायचं, त्यामुळे मनाला काही लागत नव्हतं.

२००६-०७ च्या सुमारास एक माणूस पत्रिका छापायला आला. नमुना हातात घेतला आणि "श्री" कडे बघत राहिला. म्हणाला, "हे अक्षर आमच्या टीमनं काढलंय. या 'श्री' ला मला अकरा दिवस लागले होते." रागावला नाही. पैसेही मागितले नाहीत. पत्रिका माझ्याकडेच छापून घेतली. त्या रात्री दुकान बंद करताना हात जड झाला होता. त्याच वर्षी लायसन्स घेतलं, हप्त्याने.

आता एक टाइपसारख्या मुंबईच्या संस्थेने मुक्त, बालू असे सुरेख देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली फुकट दिलेत. आजच्या पोरांना चोरून काही घ्यावंच लागत नाही. माझं मत असं, की ज्याचं काम आहे तो माणूस एकदा समोर उभा राहिला की प्रश्न सुटतो. तोवर ते नुसतं "कॉपी करणं" असतं.

बोरीची_काठी | १०:४९

@कंपोझ_काका, म्हणजे शेवटी चोरीच होती ना?

कंपोझ_काका | १०:५३

हो. होती. कायदा काही म्हणू दे, मला तरी तशीच वाटली.

पीएचडी_पाचवं_वर्ष | ११:२०

मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे, राग मानू नका.

अमरावतीजवळच्या खाजगी विनाअनुदानित कॉलेजात शिकवते आणि रसायनशास्त्रात पीएचडी करते. एका शोधनिबंधाला तीस-चाळीस डॉलर मागतात. त्यातला एक पैसा लेखकाला जात नाही. ज्यांनी तो निबंध तपासला त्यांनाही मिळत नाही. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा सरकारी, म्हणजे लोकांचाच. सोनटक्काताईंना प्रतीमागे १८ रुपये तरी मिळतात. इथे लिहिणाऱ्याला शून्य, उलट काही नियतकालिकं छापायचेच पैसे घेतात.

म्हणून असे निबंध फुकट उतरवू देणारी सायहब ही वेबसाइट वापरली, आणि मला त्याची लाज वाटत नाही. २०११ मध्ये ते सुरू करणारी अलेक्झांड्रा एल्बाक्यान कझाकस्तानातली. विद्यार्थिदशेत तिलाही निबंध परवडत नव्हते. २०१६ मध्ये 'नेचर'ने तिला विज्ञानातल्या त्या वर्षीच्या दहा महत्त्वाच्या व्यक्तींत घेतलं. प्रकाशकांच्या लेखी ती 'पायरेट', म्हणजे समुद्री चाचा. एल्सेविअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात सायहब ब्लॉक करण्याचा आदेश झाला.

सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. चांगली योजना आहे. पण ती सरकारी संस्थांसाठी. माझं कॉलेज त्यात नाही. माझी मैत्रीण नागपुरात सरकारी संस्थेत आहे, ती माझ्यासाठी पेपर उतरवून मेल करते. आता आम्हा दोघींपैकी चोर कोण?

आणि अमेरिकेतला प्रोग्रॅमर ॲरन स्वार्ट्झ आठवतोच. जेस्टॉर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले लाखो लेख उतरवले म्हणून २०११ मध्ये अटक. जेस्टॉरने आपल्या बाजूने प्रकरण मिटवलं होतं, सरकारी वकिलांनी सोडलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याने जीव दिला. २६ वर्षांचा होता. त्याला दरोडेखोराच्या रांगेत बसवणारे शब्द वापरले गेले, ते मला कधीच विसरता येणार नाहीत.

तिसरी_तारीख | ११:३८

@पीएचडी, दिल्ली विद्यापीठाचं फोटोकॉपी प्रकरणही बघा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या, विद्यार्थ्यांना पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स देणाऱ्या रामेश्वरी फोटोकॉपीवर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला; स्वामित्वहक्क हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नाही, असं न्यायमूर्ती एंडलॉ यांनी लिहिलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. शिक्षणासाठी कलम ५२ मध्ये सवलत आहे. भिशीसाठी नाही.

साउंडवाला | रविवार, सकाळी ७:१५

शोधनिबंध आणि सिनेमा एका तागडीत नका घालू.

मी मराठी सिनेमांना ध्वनी करतो. एका सिनेमाच्या पावसाच्या आवाजासाठी आम्ही चार रात्री कोकणात पत्र्याखाली बसलो होतो, कारण कौलावरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस वेगळा वाजतो. शुक्रवारी सिनेमा लागला, शनिवारी सकाळी टेलिग्रामवर. प्रत थिएटरात मोबाइलवर घेतलेली. मी ती ऐकली. पावसाच्या जागी कुणाचा तरी खोकला आणि वेफर्सच्या पिशवीची चुरचुर. दुसऱ्या आठवड्यात शो उतरले. निर्मात्याने गावाकडची जमीन गहाण टाकली होती. माझे अर्धे पैसे अजून यायचे आहेत आणि मी मागतही नाही.

२०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने थिएटरात रेकॉर्डिंग करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद ठेवलीय, दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. कायदा आहे. पण ते चॅनल चालवणारे सिनेमाप्रेमी नसतात, मधे सट्ट्याच्या जाहिराती लावून कमावतात. त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

धुळे_एमएच१८ | ७:५०

साउंडवाले भाऊ, दुःख समजतं. पण आमच्या तालुक्याला थिएटर होतं ते पडलं, आता तिथे मंगल कार्यालय आहे. सर्वात जवळचा पडदा ५२ किलोमीटर, तिथे मराठी सिनेमाला दुपारी बाराचा एकच शो. आईला दाखवायचा होता, म्हणून मीच तसला सिनेमा उतरवला. ओटीटीवर चार महिन्यांनी आला तेव्हा पैसे भरून पुन्हा बघितला. तुमचा पाऊस तेव्हा ऐकू आला.

साउंडवाला | ८:०२

आईला कसा वाटला?

धुळे_एमएच१८ | ८:०५

दोन्ही वेळा रडली.

ओटी_भरतीची | ९:३०

अलिबागची आहे, म्हणून 'चाचे' या शब्दावर गप्प बसवत नाही.

इंग्रजांच्या दप्तरात कान्होजी आंग्रे 'पायरेट'. छत्रपतींच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, आणि मुंबईचे कंपनीवाले त्यांना लुटारू म्हणत, कारण आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं असं ते म्हणत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचे परवाने सक्तीने विकले, तो मात्र 'व्यापार'. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. आज मुंबईतल्या नौदल तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. तेव्हा 'चाचा' कोण हे बरेचदा ज्याच्या हातात वही-लेखणी असते तो ठरवतो.

बोरीची_काठी | ९:४४

कान्होजींना यात ओढू नका. त्यांच्यामागे राज्य होतं, शिक्का होता, किनाऱ्यावरच्या रयतेची जबाबदारी होती. टेलिग्रामच्या ॲडमिनमागे काय आहे? सट्ट्याची जाहिरात. मला ही तुलना लागली.

ओटी_भरतीची | १०:१०

तुमचं बरोबर आहे, तुलना माणसांची नव्हती, शब्दाची होती. पण नीट मांडायला हवं होतं. आमच्याकडे समाधीपुढून जाताना अजून लोक चप्पल काढतात, त्यामुळे माझ्याही मनात ते हलकं नाही.

मेलबर्नचा_मोरू | १०:३५

शब्दावरूनच: परवानगीशिवाय पुस्तक छापणाऱ्याला इंग्रजीत सतराव्या शतकापासून पायरेट म्हणतात. आणि स्वीडनमध्ये २००६ साली लोकांनी तीच शिवी उचलून 'पायरेट पार्टी' काढली, २००९ मध्ये युरोपीय संसदेत निवडूनही आले. २००४ मधली ती "तुम्ही गाडी चोराल का?" वाली पायरसीविरोधी जाहिरात तर इतक्या डीव्हीडींवर होती की पैसे देऊन विकत घेणाऱ्यालाच दरवेळी दमदाटी ऐकावी लागे. उतरवून बघणाऱ्याला ती दिसतही नव्हती!

माझी अडचण वेगळी. मुलांसाठी मराठी पुस्तकं हवी असतात. १८० चं पुस्तक इथे मागवलं तर टपालखर्च पुस्तकाच्या कितीतरी पट. ई-बुक बहुतेकांचं नाहीच. पैसे हातात धरून दाराशी उभा आहे आणि दार आतून बंद, असं वाटतं. सोनटक्काताई, तुमचं पुस्तक ई-बुक आहे का? आत्ता घेतो.

सोनटक्का | ११:०५

नाही हो. करारात ई-बुकचा हक्क प्रकाशकांकडे आहे आणि त्यांनी काढलेलं नाही. दोनदा विचारलं. "पायरसी होते म्हणून काढत नाही," असं उत्तर आलं. ती मोबाइलने केलेली पीडीएफ मात्र फिरतेच आहे.

स्पर्शरेषा | ११:४०

मला दिसत नाही. स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचतो. त्या फोटोवाल्या पीडीएफ माझ्यासाठी कोरे कागद आहेत, रीडर "इमेज, इमेज, इमेज" म्हणत जातो. म्हणजे ज्यांना छापील वाचता येतं त्यांच्याकडे फुकट प्रत आहे, आणि ज्याला छापील वाचताच येत नाही त्याच्याकडे विकतचीही नाही.

आमच्यासाठी कायद्याने वाट केली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात प्रत करायला परवानगी लागत नाही. माराकेश करार २०१३ चा, आणि २०१४ मध्ये तो सर्वांत आधी मान्य करणारा देश भारत. अशा पुस्तकांचं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. मराठी कुमार साहित्य तिथे मला कमीच मिळतं. ताई, युनिकोडमधली मूळ फाइल असेल तर द्याल का? मी ती कुठेही पाठवणार नाही.

सोनटक्का | ११:५२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. फाइल संध्याकाळपर्यंत पाठवते. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही याचं वाईट वाटतंय.

ब_वर्ग | दुपारी १:२०

ग्रंथपाल आहे, 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आमचं अनुदान चालतं, म्हणजे येईल तेव्हा येतं. आमच्याकडची एक प्रत चाळीस-पन्नास घरांत फिरते, लेखकाला एकाच प्रतीची रॉयल्टी मिळते. मग आम्हीही चाचे का? मला हा प्रश्न खरंच छळतो. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानुसार वाचनालयातून पुस्तक नेलं की लेखकाला थोडे पैसे मिळतात. आपल्याकडे तसं नाही.

फरक मला एवढाच दिसतो की आमची प्रत झिजते. शिवण सुटते, पानं निघतात, मग दुसरी घ्यावी लागते. आणि वाचणाऱ्याला परत करायची असते, म्हणून तो वाचतो. पीडीएफ कुणी परत मागत नाही.

जुनी_पानं | २:४५

मी स्कॅन करणारा आहे. उघड सांगतो. गेली अकरा वर्षं.

माझा नियम: लेखक जाऊन साठ वर्षं झालेली असावीत. आपल्याकडे आधी पन्नास होती. रवींद्रनाथांचं साहित्य मुक्त व्हायची वेळ आली तेव्हा १९९२ मध्ये दहा वर्षं वाढवली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं सगळं २०११ पासून मोकळं झालं, विकिस्रोतावर वाचता येतं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. साहित्य संस्कृती मंडळ स्वतः पीडीएफ फुकट देतं. एवढं वैध पडलेलं असताना हयात लेखिकेचं, बाजारात मिळणारं पुस्तक फिरवायची काय गरज? ते चूकच.

पण नियम मीही एकदा मोडलाय. १९७४ चं कोकणातल्या होड्यांवरचं एक पुस्तक, प्रकाशन बंद, वारसांचा पत्ता लागेना, वाळवी लागलेली एकच प्रत. दोन वर्षं वारस शोधले. शेवटी स्कॅन केलं आणि ठेवून दिलं. पाच जणांनी मागितलं, दिलं. त्यातला एक होडी बांधणारा सुतार होता. हे बेकायदा आहे, मला माहीत आहे, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

सोनटक्काताई, अंगठा आलाय म्हणजे घाईत, एका हाताने पुस्तक दाबून, दुसऱ्या हाताने फोटो घेतलेत. असल्या स्कॅनमध्ये दोन पानं हमखास चिकटून निसटतात. पानं मोजलीत का?

सोनटक्का | ३:३०

मोजली. १६६ आहेत.

९६ नंतर एकदम ९९. गायब आहेत ती ९७ आणि ९८. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना कळेल, नदीला पाणी येतं आणि धाकटा पलीकडेच राहतो ते तिथे आहे. ९९ वर तो घरी चुलीपुढे बसून शेकत असतो. कसा आला, कुणी आणला, ते सगळं त्या दोन पानांत.

ग्रुपवर अठ्ठावीस जण आहेत. कालपासून एकवीस जणांनी "छान", "मस्त", "अभिमान वाटतो" लिहिलंय. धाकटा पाण्यातून कसा बाहेर आला हे एकानेही विचारलं नाही.

कंपोझ_काका | ३:३८

अरेरे.

पीएचडी_पाचवं_वर्ष | ३:५५

ताई, खरं सांगायचं तर माझ्या लॅपटॉपवर ११०० पेपर आहेत. त्यातले किती वाचले ते मोजायला बसले आत्ता. दोनशेच्या वर जाईना.

बोरीची_काठी | ४:१०

आता मी थोडा बदलतो. ज्याने वाचलंच नाही त्याने तुमचं काही नेलं असंही म्हणता येत नाही. त्यातला कुणी १८० रुपये देऊन विकत घेणार होता असं मला वाटत नाही. पण नाव तुमचं, पुस्तक अपुरं, आणि ते तसंच फिरतंय. हे मला पैशापेक्षा वाईट वाटतं.

ब_वर्ग | ४:३०

ताई, तो शिक्का आमचा नाही, मी पान तपासून आलो. पण आमच्या प्रतीची ९७-९८ शाबूत आहेत. पुस्तक २०१७ पासून ५४ वेळा गेलंय.

चिंचगुळाची_आमटी | ४:४४

मग मावशीला काय लिहिलंत? आम्ही कालपासून त्यासाठी थांबलोय.

सोनटक्का | रात्री ९:१५

फोन केला. लिहिण्यापेक्षा बोलणं बरं वाटलं.

आधी म्हटलं, "मावशी, तू वाचलंस का पुस्तक?" म्हणाली, "अगं, तू दिलंस तेव्हाच वाचलं होतं. रात्री दोनपर्यंत जागून. धाकट्याला ती म्हशीवाली म्हातारी आणते ना, तिथे तर मी किती रडले." तेच ९७ वं पान. छापील प्रतीतलं.

मग सगळं सांगितलं. प्रतीमागचे १८ रुपये, गोदाम, कपाटातलं हस्तलिखित. ती गप्प झाली. "मला वाटलं तुझं नाव होतंय," एवढंच म्हणाली, आणि मलाच भरून आलं. ग्रुपवरून ती काढून उपयोग नव्हता, काल पाठवलेली, तोवर सगळ्यांच्या फोनमध्ये उतरली होती. शेवटी तिने स्वतः लिहिलं, "या पीडीएफमध्ये दोन पाने नाहीत आणि ती पाने फार महत्त्वाची आहेत. पूर्ण पुस्तक हवे असल्यास मला सांगा, मी मागवते." आत्तापर्यंत सात जणांनी सांगितलंय. पैसे मावशी गोळा करणार आहे. भिशी चालवते, हिशेबाला पक्की आहे.

@मोरू, दोन प्रती मुंबईहून तुमच्याकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत टाकू या, व्यनि करा. प्रकाशकांना ई-बुकसाठी परत मेल टाकलाय, यावेळी या धाग्याचा दुवा सोबत जोडून.

जुनी_पानं | ९:३०

आणि तो अंगठा?

सोनटक्का | सोमवार, सकाळी १०:५०

काल रात्री धागा मिटून झोपले. सकाळी मेल उघडला तर त्यात एक पत्र होतं. एका शिक्षिकेचं, गडचिरोली जिल्ह्यातलं. पीडीएफ तिला शिक्षकांच्या ग्रुपवर मिळाली. सहावीच्या वर्गाला रोज शेवटच्या तासाला चार पानं वाचून दाखवते. शुक्रवारी ९६ वर आली आणि पुढे ९९. मुलांनी ओरडा केला. "बाई, तो आला कसा?" तिने सांगून बघितलं की पोहून आला असेल. मुलं म्हणाली, त्याला पोहता येत नाही, पहिल्याच धड्यात लिहिलंय. तिने पुस्तकाचं नाव शोधून माझा पत्ता मिळवला. लिहिलंय, "पुस्तक विकत घ्यायचं आहे, पण इथे पोचायला आठ-दहा दिवस लागतील आणि मुलं आज दुपारी विचारणार आहेत. तेवढी दोन पानं पाठवाल का?"

शाळेसाठी दोन प्रती आज स्पीड पोस्टने निघतील. पण आज दुपारचं काय? युनिकोडची फाइल होती, पण त्यात चित्रं नाहीत, आणि ९८ वर म्हशीच्या पाठीवर बसलेल्या धाकट्याचं चित्र आहे. म्हणून कपाटातली प्रत काढली, खिडकीशी उजेडात धरली आणि मोबाइलने दोन्ही पानांचे फोटो काढले. पुस्तक मिटत होतं, म्हणून डाव्या हाताने दाबून धरलं.

पाठवल्यावर मोठं करून बघितलं. ९७ च्या कोपऱ्यात माझा अंगठा आलाय.